तक्त्याखालची टीप

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी १९७२ च्या दुष्काळावर लिहायचे ठरले, तेव्हा गूगल स्कॉलर या संशोधनलेख शोधण्याच्या संकेतस्थळावर नुसता ‘दुष्काळ’ शोधून मी हजारो नोंदींत हरवलो. ‘रोजगार हमी योजना’ हे शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत दिल्यावर यादी आटोक्यात आली. एक उपयोगी लेख सापडला की त्याच्या संदर्भसूचीतून आधीचे आणि ‘साइटेड बाय’ या दुव्यातून नंतरचे संशोधन हाती लागते. भारतातील विद्यापीठांचे अनेक पीएच.डी. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, फक्त प्रकरणांच्या सुट्या फायली उतरवण्याचा कंटाळा नसावा. वाचताना मी सारांशानंतर थेट निष्कर्षाकडे आणि मग तक्त्यांकडे वळतो. एका तक्त्यातले आकडे मजुरांचे नसून मनुष्यदिवसांचे (एका मजुराचे एका दिवसाचे काम म्हणजे एक मनुष्यदिवस) आहेत, हे खालच्या बारीक टिपेत उशिरा दिसले आणि अर्धे प्रकरण पुन्हा लिहावे लागले.