पातेर, तू कधी जाणार?

मंगळवार, रात्र

पापुआ न्यू गिनीतल्या या गावात आज झोप येत नाही. सोलरच्या बॅटरीत अजून थोडा जीव आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

विचारलं एका पोरीने, तेही सहज. लापूनची धाकटी नात. मिस्सानंतर वेदीवरची फुलं काढायला माझ्याबरोबर थांबली होती. फुलदाणीतलं पाणी पायरीवर ओतता ओतता म्हणाली, "पातेर, तू कधी जाणार?" इथे फादरला पातेर म्हणतात. मला वाटलं, वेवाक शहराला. म्हटलं, शुक्रवारी, बोट मिळाली तर. ती म्हणाली, "तसं नाही. कायमचा कधी जाणार?"

"माहीत नाही गं," एवढंच बोललो. तिने फुलदाणी पालथी घातली आणि पळाली खेळायला.

तेव्हापासून ते वाक्य मनातून हलत नाहीये. दुपारी तर चक्क रडू आलं. मलेरियाने आडवा झालो होतो तेव्हा आलं नव्हतं. वाटलं, आणखी काय करायचं मी? यांच्या भाषेत प्रवचन देतो, कोणी गेलं की यांच्या हाउस क्रायला, शोकाच्या बैठकीला, रात्र रात्र बसतो. नांगूसुद्धा खायला शिकलो. सागूच्या ओल्या पिठावर उकळतं पाणी ओतून घोटतात, पांढरं पीठ बघता बघता काचेसारखं होतं, मग दोन काड्यांवर गुंडाळून पानावर गोळा ठेवतात. पहिल्यांदा तो घशाखाली उतरेना. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाचा, खरा सागू हा, झाडाच्या खोडातून काढलेला, असं मनाला समजावत गिळला होता. आता मागून घेतो. तरी मी पाहुणाच?

आणि तिकडे वसईत? तिथेही आता पाहुणाच. मागच्या सुट्टीत घरी गेलो तर माझ्या खोलीत धाकटीच्या मुलाचा पाळणा होता. आईने घाईघाईने जागा करून दिली. ती घाई... जाऊ दे.

गुरुदीक्षेच्या दिवशी किती हार घातले होते लोकांनी. "घरदार सोडून चाललाय पोरगा." प्रवचनात गोन्सालो गार्सियांचं नाव आलं. वसईत आमच्यातला कोणी परदेशी निघाला की ते येतंच. वसईचा मुलगा, जपानी बोलायचा, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. लहानपणापासून ऐकत आलोय. गासच्या देवळात त्यांच्या सणाला जायचो तेव्हा वाटायचं, मोठेपण म्हणजे जाणं. निघणं. बोटीत बसणं.

दुपारी चार वाजता खोलीत बसवेना, म्हणून लापूनच्या बागेत गेलो. तो डाकाची वेल झाडाला बांधत होता. पहिल्यांदा ती वेल बघितली होती तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. आमच्या वाडीतली पानवेलच ती. आपण तिचं पान खातो, हे लोक तिची लांबट फळं चुन्यात बुडवून सुपारीबरोबर चावतात, एवढाच काय तो फरक. हजारो मैलांवर येऊन बाबांच्या वाडीतली वेल भेटली.

लापून तिला खोडाला आवळून बांधत होता. मी म्हटलं, थांब. केळीच्या सोपटाची बोटभर रुंदीची पट्टी काढली, पाण्यात भिजवली. वेलीचं पेर खोडाला टेकवलं आणि पेराच्या जरा वर सैल फास दिला. गाठ वेलीवर न घेता खोडाच्या बाजूला घेतली. पेरातून बारीक मुळं फुटतात, चार दिवसांत तीच खोडाला धरतात. तोवर नुसता आधार हवा. आवळलं तर वेल जाड होताना कापली जाते. बाबा शंभरदा सांगायचे, शाळेत जायच्या आधी दोन ओळी बांधून जा. तेव्हा किती कंटाळा यायचा.

लापून काही बोलला नाही. थोडा वेळ बघत राहिला, मग आपला सुरा माझ्या हातात दिला आणि पुढच्या झाडाकडे गेला.

काम करता करता त्याला विचारलं, तुझ्या नातीने मला असं का विचारलं? त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. म्हणाला, पुढच्या वर्षी तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद, आहे ना. तिच्या मोठ्या बहिणीच्या वेळी तयारी होत आली आणि फादरांची बदली झाली. नवे फादर आले, त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. पोरगी वर्षभर थांबली, शिवलेला झगा आखूड झाला. म्हणून ही विचारून ठेवते.

मग सुपारी चावत तो एकेक सांगायला लागला. ते जर्मन फादर, त्यांनी याला वाचायला शिकवलं. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाचे, गिटार वाजवायचे. पोलंडचे, त्यांचं नाव याच्या नातवाला आहे. काहींना मिशनच्या मागे पुरलं. बाकीच्यांना बोटीवर बसवून दिलं. लढाईच्या आधीच्या बिशपांचं त्याच्या बापाने सांगितलेलं: कैरिरू बेटावरून बिशप लोएर्क्स, फादर, ब्रदर, सिस्टर, सगळ्यांना जपान्यांनी नेलं आणि मार्च १९४३ मध्ये आकिकाझे नावाच्या युद्धनौकेवर मारून समुद्रात टाकलं. आमच्या धर्मसंघाचे पहिले लोक तुम्लेओ बेटावर उतरले ते १८९६ साली. तेव्हापासून ही माणसं येणाऱ्याला घर बांधून देतायत, भाषा शिकवतायत, ताप आला की उशाशी बसतायत. आणि मग किनाऱ्यावर उभी राहून हात हलवतायत. पुढचा आला की पुन्हा पहिल्यापासून.

लापूनने हे तक्रारीने सांगितलं नाही. पण मी ऐकत होतो आणि दुपारचं माझं रडं मला परकं वाटायला लागलं. मी एकदा घर सोडलं, तर त्याचा केवढा सोहळा झाला. यांना किती जण सोडून गेले, कोणी मोजलं? यांच्या गळ्यात कोणी हार घातला?

आणि आई. ही गोष्ट मला आज पहिल्यांदा नीट दिसली. सुरुवातीला दर फोनला ती विचारायची, "कधी येशील?" आता विचारत नाही. टॉवर लागला की मी फोन करतो, इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे पाच, ती अंगणात असते. "जेवलास का, ताप नाही ना, पाऊस आहे का," एवढंच. मला वाटायचं, सवय झाली तिला. सवय कसली होतेय. तिने विचारणं सोडलंय, कारण उत्तर माझ्या हातात नाही हे तिला ठाऊक आहे. या पोरीने अजून सोडलेलं नाही. तिने विचारलं, ते किती बरं झालं. जाणार हे माहीत असून माझ्याकडून शिकायला तयार आहे, फक्त तारीख मागतेय. एवढा हक्क तिचा नक्कीच आहे.

इथल्या सगळ्या देवळांत आता पीटर तो रोट यांचं चित्र लागलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते या देशाचे पहिले संत झाले. फादर नव्हते ते. गावातले कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षक, बायकामुलांचे. जपान्यांनी धर्मगुरूंना डांबलं तेव्हा मागे राहिलेल्या माणसांना त्यांनी सांभाळलं, बाप्तिस्मे दिले, प्रार्थना चालू ठेवली, आणि १९४५ मध्ये त्यापायी मारले गेले. गोन्सालो गार्सियांवर माझा जीव आहे, तो राहीलच. पण आज संध्याकाळी त्या चित्रासमोर जास्त वेळ बसलो. आमच्यासारखे नेले गेले तेव्हा गावातला माणूस उभा होता.

माझी बदली कधी होईल, खरंच माहीत नाही. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, आमच्या धर्मसंघाचे प्रांताधिकारी ठरवतील. व्रत घेताना ते मान्य केलंय आणि आजही मान्य आहे. दुखणारच थोडं. दुखू दे. आमच्यासाठी यांना इतकं दुखलंय, मला नको का?

पण त्या पोरीचं कम्युनियन माझ्या बदलीवर अडता कामा नये. ईस्टरआधीच्या उपवासकाळापर्यंत, लेंटपर्यंत, थांबायचं नाही, वर्ग याच आठवड्यात सुरू करायचा. प्रार्थना लापूनने शिकवायच्या, मी त्याच्या शेजारी बसेन. कोणाचं किती झालं ते प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं आणि वही लापूनच्या घरी ठेवायची, माझ्या कपाटात नाही. शुक्रवारी वेवाकहून दोन जाड वह्या आणायच्या, प्लास्टिकचं कव्हर असलेल्या, नाहीतर पावसात शाई पसरते. तांदूळ, रॉकेल. आणि तिच्या आईला विचारायचं, ईस्टरनंतरचा कुठला रविवार तिच्या माहेरच्यांना सोयीचा पडेल.