रक्त परत कसे येते?

१९७६ साली, मी आठवीत असताना, विज्ञानाच्या सरांनी मला बोकडाचे हृदय आणण्यासाठी मटणाच्या दुकानात पाठवले आणि मी पावशेर काळीज घेऊन परत आलो. ती चूक माझी होती असे मला आजही वाटत नाही. ज्या भाषेत भीतीने काळीज धडधडते आणि लेकीच्या आठवणीने आईचे काळीज तुटते, त्या भाषेत वाढलेल्या मुलाने दुकानात काळीजच मागायचे. परंतु खाटकाच्या हिशेबी काळीज म्हणजे यकृत, आणि हृदय हवे असेल तर 'दिल' मागावे लागते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पानाचा पुडा उघडताच वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. "हा अठराशे वर्षे मागे गेला आहे, एवढेच," असे म्हणून त्यांनी मला पुन्हा पाठवले आणि मी येईपर्यंत वर्गाला गेलनची गोष्ट सांगितली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या वैद्याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांमधून ते शरीरभर जाते आणि शेतात सोडलेल्या पाण्याप्रमाणे तिथेच जिरते. युरोपातील वैद्यांनी हे मत जवळजवळ चौदाशे वर्षे प्रमाण मानले.

सरांचे नाव शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या या स्मरणिकेत अन्यत्र आलेलेच आहे, म्हणून येथे ते पुन्हा लिहीत नाही.

दुसऱ्या खेपेस आणलेले हृदय सरांनी ॲल्युमिनियमच्या ताटात ठेवले. शाकाहारी घरांतील मुलांना बाहेर बसण्याची मुभा होती. त्यांपैकी निम्मी खिडकीतून पाहत होती. सरांनी ब्लेडने दोन्ही जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, उघडल्या आणि भिंतींची जाडी बोटांनी चाचपायला लावली. डावी भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड होती, कारण उजवीला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचे असते, तर डावीला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवायचे असते. (आमच्या वेळी सरांच्या तोंडी कर्णिका आणि जवनिका, रोहिणी आणि नीला हे शब्द असत, नातवाच्या पुस्तकात अलिंद, निलय, धमनी आणि शिरा असे शब्द आहेत. रोहिणी हा शब्द गेला याची मला हळहळ वाटते.) त्यानंतर त्यांनी महारोहिणीच्या, म्हणजे डाव्या जवनिकेतून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीच्या, कापलेल्या तोंडातून तांब्याने पाणी ओतले. पाणी खाली हृदयात न उतरता तोंडाशी भरून राहिले, कारण आतल्या तीन अर्धचंद्राकृती पडद्या एकमेकींना चिकटून मिटल्या होत्या. थोडे पाणी मात्र हृदयाच्या पृष्ठभागावरून झिरपू लागले. झडप गळते आहे असे आम्हांला वाटले, तेव्हा सरांनी झडपेच्या अगदी वर असलेली दोन बारीक भोके दाखवली. महारोहिणीच्या त्या पहिल्याच शाखा असून त्या हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवतात. आत एवढे रक्त खेळत असताना हृदयाला वेगळा पुरवठा कशाला, असे कोणीतरी विचारले. जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत आतले रक्त मुरत नाही, असे उत्तर मिळाले. हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुधा याच बारीक वाहिन्यांपैकी एखादी तुंबणे, हे मला फार वर्षांनी उमगले.

त्यानंतर फळ्यावर हिशेब झाला. दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, मिनिटाला सुमारे ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर आणि दिवसाला ७,००० लिटर. उन्हाळ्यात गल्लीत येणाऱ्या टँकरकडे डोळे लावून बसणाऱ्या सोलापूरच्या मुलांना ७,००० लिटर म्हणजे किती, हे समजावून सांगावे लागत नाही. सरांनी खडू खाली ठेवून विचारले, "माणसाच्या अंगात रक्त असते पाच लिटर. मग हे सात हजार लिटर आले कुठून आणि गेले कुठे?" विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असाच हिशेब मांडून गेलनचे मत मोडून काढले होते. एवढे रक्त अन्नापासून तयार होणे शक्य नाही आणि अवयवांत जिरणेही शक्य नाही; अर्थात तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. हृदय रक्त ढकलते हे कोणीही सांगेल, परंतु ते परत कसे येते ते सांगा, हा सरांचा खरा प्रश्न होता आणि वर्षभर त्यांनी तो सोडला नाही.

पहिले उत्तर त्यांनी माझ्याच हातावर दाखवले. दंडाला रुमाल बांधताच कोपराखालच्या नीला फुगून वर आल्या आणि त्यांच्यावर जागोजागी बारीक गाठी दिसू लागल्या. एका बोटाने नीला दाबून धरून दुसऱ्या बोटाने सरांनी तिच्यातील रक्त कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे सारले. मधला भाग रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. वरचे रक्त खाली आले नाही. खालचे बोट उचलताच तो मनगटाच्या बाजूने भरला. त्या गाठी म्हणजे झडपा होत्या. हार्वेच्या ग्रंथातील चित्रांतही हाच प्रयोग आहे. रोहिणीतून नीलेत रक्त जाण्याची वाट मात्र हार्वेला कधीच दिसली नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. आम्हीही त्या पाहिल्या. कंबर तलावातून आणलेला बोटभर मासा ओल्या कापसात गुंडाळून शाळेच्या एकमेव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याच्या शेपटीत तांबड्या पेशी एकामागून एक, वळणावर अंग चोरून, सरकत होत्या. मासा नंतर तलावात सोडण्यात आला.

दुसरे उत्तर १ मेच्या झेंडावंदनाला मिळाले. सोलापुरात त्या दिवसांत सकाळी आठलाच ऊन चटके देऊ लागते आणि पाहुण्यांचे भाषण लांबले होते. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा पांढरा पडून खाली कोसळला. कोणी कांदा मागू लागले आणि दोघे त्याला बखोट्याला धरून उभा करू लागले. सरांनी त्यांना बाजूला सारले, त्याला तसाच आडवा राहू दिला आणि त्याचे पाय बाकावर टेकवले. मिनिटभरात त्याने डोळे उघडले.

पुढच्या तासाला त्यांनी याचे कारण सांगितले. विश्रांतीच्या वेळी शरीरातील जवळजवळ दोनतृतीयांश रक्त नीलांमध्ये असते. माणूस निश्चल उभा राहिला की ते पायांत साठू लागते, आणि उन्हाने कातडीतील वाहिन्या सैलावल्या की आणखी साठते. हृदय निरोगी असले तरी जेवढे परत येईल तेवढेच ते पुढे धाडू शकते; परत येणे घटले की मेंदूचा वाटा घटतो आणि माणूस कोसळतो. आडवे पडणे हाच त्यावरचा उपाय असतो, म्हणून अशा वेळी उभे करणे हा अडाणीपणा होय. पायांतील रक्त वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की आतल्या नीला पिळल्या जातात आणि झडपांमुळे रक्ताला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. श्वास आत घेताना छातीतील दाब उतरतो, त्याचाही हातभार लागतो. हे ऐकताना मला माझे वडील दिसत होते. चादरीच्या कारखान्यात यंत्रमागापुढे पाळीभर उभे राहून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या गाठी उठल्या होत्या आणि संध्याकाळी पावलांवर सूज येत असे. मी सरांना सांगितले, तेव्हा ते एका रविवारी आमच्या घरी आले. वडील संकोचून म्हणाले, "गुरुजी, उभं राहायचा पगार आहे, बसलो तर कोण देईल?" सरांनी बसायला सांगितलेच नाही. धागा तुटलेला नसेल तेव्हा टाचा वर-खाली करा, दोन पावले टाका आणि रात्री पाय वळकटीवर ठेवून झोपा, एवढेच सांगितले. गाठी गेल्या नाहीत, कारण ताणून निकामी झालेली झडप पुन्हा मिटत नाही. परंतु सूज उतरू लागली.

पुढे माझी सारी नोकरी पाणी उपसण्याच्या पंपगृहांत गेली आणि तेथे सरांचे तास पुन्हा पुन्हा आठवत राहिले. वीज गेली की चढावरच्या नळातील पाणी मागे फिरते आणि परतरोधक झडप धाडकन मिटते. तो आवाज ऐकला की हृदयाचे 'लब-डब' हे झडपा मिटण्याचे आवाज आहेत, स्नायूचे नव्हेत, हे पटते. पुढे-मागे चालणाऱ्या दट्ट्याच्या पंपाला हवेचे भांडे जोडतात, कारण दट्ट्या थांबला तरी भांड्यातील दाबलेली हवा पाणी ढकलत राहते आणि धार तुटत नाही. महारोहिणीची लवचीक भिंत हेच करते. ठोक्यासरशी ती फुगते आणि दोन ठोक्यांमध्ये आवळून रक्त पुढे रेटते, म्हणूनच रक्तदाबाच्या १२०/८० मधला खालचा आकडा शून्यावर येत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने १७३३ साली हीच तुलना आगीच्या बंबाशी केली होती. वयानुसार ती भिंत ताठरते आणि वरचा आकडा चढू लागतो. माझा हल्ली दीडशेपर्यंत जातो आणि डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, जे शेंगाचटणीच्या गावात सोपे नाही. एका बाबतीत मात्र पंपाची उपमा लंगडी पडते. विहिरीतील पाणी वाढले म्हणून आमचा पंप काही जोर वाढवत नसे. हृदयात अधिक रक्त आले तर त्याची भिंत अधिक ताणली जाते, आणि ताणलेला स्नायू अधिक जोराने आवळतो. हा नियम फ्रँक आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जातो. सरांनी तो आम्हांला नावानिशी शिकवला नव्हता, परंतु त्यांच्या प्रश्नातच तो होता.

अमृतमहोत्सवाच्या मुख्य कार्यक्रमाची पत्रिका माझ्यासमोर आहे. तीत सात मान्यवरांची भाषणे असून मुले मैदानावर उभी राहणार आहेत, असे कळते. संयोजकांना माझी विनंती आहे की मुलांना बसू द्यावे, आणि ते जमणार नसेल तर दर थोड्या वेळाने त्यांना टाचा उचलायला सांगावे.