पत्रकाची खालची कोरी जागा

आज पंचवटीतल्या घरी रद्दी बांधताना वर्तमानपत्राच्या घडीतून २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतले एक पत्रक खाली पडले. त्यात एका महिला उमेदवाराच्या कामाविषयी एकही ओळ नव्हती. होते ते सगळे तिच्या संसाराविषयी, तेही ‘म्हणे’ आणि ‘अशी कुजबुज आहे’ अशा शब्दांच्या आडून.

शेजारच्या काकूंनी ते वाचले आणि म्हणाल्या, “काहीतरी असल्याशिवाय कोणी एवढं छापतं का गं?”

ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. पत्रक दोन्ही बाजूंनी पाहिले, तर मुद्रकाचे नाव नाही, प्रकाशकाचा पत्ता नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार ही दोन्ही नावे व पत्ते छापणे बंधनकारक आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एका बाईच्या अब्रूपुढे २००० रुपये म्हणजे काय, हे मला कळत नाही.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या दिंडोरीत लोकसभेला भास्कर भगरे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर निवडून आले, पण त्याच आडनावाच्या आणि ‘तुतारी’ चिन्हाच्या एका अपक्षालाही एक लाखाहून अधिक मते पडली. चिन्हाचा तो गोंधळ निदान आकड्यांत दिसला आणि त्यावर जाहीर चर्चा तरी झाली. पत्रकाने केलेले नुकसान मात्र कोणत्याच मोजणीत येत नाही.

संध्याकाळी मी काकूंना पत्रकाची ती खालची कोरी जागा दाखवली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि हळूच विचारले, “मग हे लिहिलं कोणी?”