आंघोळ किती वाजता, हे आजींना कुणी विचारलं?

पौषात नाशिकची थंडी हाडात शिरते, तरी बऱ्याच वृद्धाश्रमांत पहाटे पाचला आंघोळी सुरू होतात. रात्रपाळीच्या मावश्यांना ड्युटी बदलायच्या आत सगळं उरकायचं असतं, एवढंच त्यामागचं कारण. त्यात सोलरच्या टाकीतलं गरम पाणी पहिल्या काही जणांत संपतं आणि शेवटच्या आजींच्या वाट्याला गारढोण येतं. निम्म्या आंघोळी दुपारी ठेवल्या तर पाणी पुन्हा तापलेलं असतं. पहाटे की दुपारी, हे प्रत्येकाला विचारायचं. जन्मभर पहाटे स्नान करून पूजेला बसलेले पहाटच मागतात. बाकीचे सुटकेचा श्वास सोडतात.

खरी गोम विचारण्यात आहे. ‘जेवण कसं आहे?’ म्हटलं की ‘छान’ हेच उत्तर येणार. जिथे राहायचं तिथे वाकडेपणा कोण घेईल? त्याऐवजी ‘बाजरीची भाकरी मंगळवारी करू की शनिवारी? कवळीमुळे चावत नसेल तर दुधात कुस्करून देऊ का?’ असं विचारा. लगेच मतं फुटतात, भांडणंही होतात. होऊ द्या.

असं विचारायला रहिवाशांची दर महिन्याला सभा घ्या, तीही सकाळच्या चहानंतर. जेवणानंतर निम्मे पेंगतात. दहा-बारा जणच गोलात बसवा. पंखा बंद करा, त्याच्या घरघरीत ऐकू कमी येणाऱ्यांना काही कळत नाही. व्यवस्थापकांनी अध्यक्ष होऊ नये. वहीत तीन रकाने आखा: मागणी, कोण करणार, कधीपर्यंत. नकार द्यायचा तर कारणासकट तोही लिहा. पुढच्या सभेत आधी मागचं पान वाचायचं. हे चुकलं की तिसऱ्या सभेला कुणी फिरकत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना खाटेपाशी जाऊन विचारा.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजींना ‘कोणतं लुगडं नेसता?’ विचारलं तर त्या गोंधळतात. दोन लुगडी समोर धरा, हात आपोआप एकाकडे जातो. चारपाच धरली की पुन्हा गोंधळ.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९मध्ये वृद्धाश्रमांसाठी वैद्यकीय सेवा आणि करमणूक यांचा उल्लेख आहे, रहिवाशांच्या सभेचा नाही. म्हणून कुणी अडवतही नाही.

आणि खोली बदलायची, डॉक्टर बदलायचा, तर फोन आधी मुलाला लागतो. पैसे तो भरत असेल. खोलीत राहायचं आजोबांना आहे. आधी त्यांना विचारा, मग फोन करा, आणि तो त्यांच्यासमोर स्पीकरवर.