म्हैसमाळ आलं का?

"काका, एवढा दांडा धरा, सोडू नका," असं म्हणून तंबू बांधणारा पोरगा दगड आणायला गेला तो गेलाच. दुपारचे चार वाजले होते. म्हैसमाळच्या पठारावर वाऱ्याला अडवायला काहीच नाही, त्यामुळे तंबूचं कापड शिडासारखं फुगत होतं आणि मी दोन्ही हातांनी दांडा कवटाळून उभा होतो. आत बायको मोबाइल वर धरून रेंज शोधत होती. "आलं... गेलं. अहो, आलं आलं! हलू नका!"

माझ्या हलण्या-न हलण्याचा मोबाइलच्या रेंजशी काय संबंध? काहीच नाही. पण मी हललो नाही. हसू मात्र इतकं आलं की दांडा सुटता सुटता राहिला. समोर मान वर करावी लागेल एवढा उंच टीव्हीचा टावर उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी मी हुबेहूब माझ्या वडिलांसारखा, आण्णांसारखा उभा होतो.

आता म्हैसमाळ म्हटलं की लोकांना थंड हवा आठवते. 'मराठवाड्याचं महाबळेश्वर' वगैरे. समुद्रसपाटीपासून १०६७ मीटर, संभाजीनगरपासून चाळीसेक किलोमीटर, खुलताबादला झोपलेल्या भद्रा मारुतीला नमस्कार करून वर चढायचं. काही जण महेशमाळ म्हणतात. पण अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात म्हैसमाळ ही जागा नव्हतीच. ती दिशा होती. मारुतीच्या देवळाचा कळस आणि पाटलांच्या चिंचेचा शेंडा यांच्या बरोबर मधे म्हैसमाळ. ॲन्टेनाचं तोंड तिकडं.

आमचं घर माळवदाचं. माळवदावर दोन धोंड्यांच्या बेचक्यात लोखंडी पाइप उभा केलेला, त्याला ॲन्टेना, आणि तिची चपटी वायर सवण्यातून, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, खाली सोडलेली. पावसाळ्यात त्या सवण्यावर पत्रा झाकायचा तर वायर आडवी यायची, म्हणून पत्रा कायम तिरपा आणि खाली कायम एक पातेलं. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी लावायची, त्यामुळे आमच्या घरात लाइट जाण्यापेक्षा ट्रॅक्टर शेतात असण्याची भीती जास्त.

शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. अर्धी गल्ली आमच्या ढाळजेत. आणि नेमकं हीरोला खरं काय ते कळायच्या वेळी पडद्यावर मुंग्या.

मग आण्णा उठायचे. वर आण्णा, दारात मी, टीव्हीसमोर काकू. काकू म्हणायची "मुंग्या", मी ओरडायचो "मुंग्या!", वरून आण्णा विचारायचे, "आता म्हैसमाळ आलं का?" असंच विचारायचे. टीव्ही लागला का, चित्र दिसतंय का, असं नाही. जणू ते १०६७ मीटरचं धूड त्यांनी पाइपला दोर बांधून ओढत आणलं होतं आणि आता ते दारातून आत शिरलं का, एवढंच विचारायचं बाकी होतं.

"आवाज आला, चित्र नाही!"

"आता?"

"दोन दोन माणसं दिसतात!"

"आता?"

"आलं! आलं! राहू द्या!"

आण्णा पाइप सोडायचे आणि म्हैसमाळ जायचं.

ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नको. माणसाचा हात पाइपला असेपर्यंत चित्र स्वच्छ, हात काढला की मुंग्या. त्यामागे काही शास्त्र असेलच, पण आमच्या गल्लीनं त्याचा अर्थ एवढाच घेतला की आण्णांच्या हाताला गुण आहे. झालं. तेव्हापासून दर शनिवारी आण्णा पाइप धरून माळवदावर. थंडीत अंगावर घोंगडी, वर चांदण्या, खाली सवण्यातून येणारा निळसर उजेड. कधी कधी खाली सगळी एकदम हसली की वरून त्यांचा आवाज यायचा, "काय झालं रं?" तेवढ्यापुरता पाइप हलायचा आणि सगळी गल्ली वर बघून ओरडायची, "आण्णा, हलू नका!"

म्हणजे टीव्ही आमचा, बॅटरी आमची, आणि घराच्या मालकानं एकही सिनेमा पाहिलेला नाही.

रात्री सगळे पांगले की आई चुलीपुढं त्यांना भाकरी वाढायची आणि सिनेमा सांगायची. आई सांगायचीही छान. कुणी कुठली साडी नेसली होती इथपासून. "मग पुढं?" असं म्हणत आण्णा कोरड्यास ओरपत ऐकायचे. एकदा ती सांगत होती आणि माझ्या लक्षात आलं, शेवट भलताच होतोय. सिनेमात म्हातारी मेली होती. सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेला मी बघितला होता. आईच्या सिनेमात ती बरी झाली, लेकाच्या घरी राहायला गेली, सुनेनं पाय धरले. मी तोंड उघडलं तर आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि असं बघितलं की मी ती मुकाट खाल्ली. आण्णा म्हणाले, "बरं झालं बाई." आणि हात धुवायला उठले. पहाटे त्यांची पाण्याची पाळी होती.

पुढं केबल आली. डिश आली. एके दुपारी आण्णा एकटेच टीव्हीपुढं बसलेले, तोच सिनेमा लागलेला. संपल्यावर बराच वेळ गप्प. मग मला म्हणाले, "हे काय करून ठेवलंय यांनी? मेली की ती."

असो. विषय तंबूचा होता.

पोरगा दगड घेऊन आला, चार गाठी मारल्या, तंबू उभा राहिला. तिथं लाकडी खोल्याही होत्या, गरम पाण्याच्या नळासकट, आणि माझं मन तिकडंच होतं. पण लेकीला तंबूच पाहिजे होता. दहा वर्षांच्या माणसापुढं कुणाचं चालतं? संध्याकाळी गिरिजादेवीचं दर्शन घेऊन कड्याच्या अंगानं चालत गेलो. पाऊस नुकताच उघडलेला, गवत कमरेएवढं, मधेच तेरड्याचे गुलाबी पट्टे. याच डोंगराच्या पायथ्याला वेरूळ. इथल्याच ओढ्यांचं पाणी खाली उतरून लेण्यांच्या कड्यावरून उडी मारतं. राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी आठव्या शतकात कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणलं. आमच्या भागात मोठी कामं वरूनच व्हायची, असं मी लेकीला सांगितलं. अलीकडं दौलताबाद. तुघलकानं १३२७ साली दिल्लीहून राजधानी तिथं आणली आणि पुढं परत नेली. आम्ही एका मुक्कामाला आणलेलं सामान पाहता मला त्या माणसाबद्दल पहिल्यांदाच कणव वाटली. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, तीन गोधड्या, बायकोच्या हट्टापायी एक उशी. बिचाऱ्यानं तर दिल्ली आणली होती.

रात्री गोधडीत लेकीनं विचारलं, "बाबा, आपलं गाव कुणीकडं?"

डोंगरावर गेलं की आपल्या माणसांना हेच लागतं. महाबळेश्वरला नेलं तरी आधी गाव कुणीकडं ते ठरवतील, मग निसर्ग बघतील. मी सवयीनं टावरकडं हात केला आणि थबकलो. आयुष्यभर गावाकडून इकडं बोट दाखवलेलं. इथून गावाकडं कसं दाखवायचं? टावरकडं पाठ केली, अंदाजानं अंधारात हात लांबवला. "तिकडं." ती केव्हाच झोपली होती.

पहाटे वाऱ्यानं तंबू फडफडायला लागला म्हणून बाहेर आलो. धुकं असं दाटलेलं की टावरचा नुसता बुंधा दिसत होता. खाली ना वेरूळ, ना दौलताबाद. सगळ्या मुंग्याच. मोबाइलला मात्र दोन काड्या आल्या होत्या. आई चारलाच उठते, म्हणून लावला फोन.

"आई, म्हैसमाळला आलोय. टावरपाशी."

"कुठला टावर?"

"आपला. टीव्हीचा."

ती जरा वेळ बोलली नाही. आण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. मागं चुलीत काहीतरी तडतडल्याचा आवाज आला.

"तिथून तरी स्वच्छ दिसतं का रं?"

"दिसतं की."

"आपल्या गावाकडचं पण?"

"चिंचेचा शेंडा दिसतोय," मी म्हणालो.

"बरं झालं बाई," आई म्हणाली.

चिंच पडून दहा वर्षं झाली. ते तिलाही ठाऊक आहे.