पोलीस आहेत, मग वाहतूक अभियंता कशाला?

वाहतूक नियोजनाचं काम करतो असं सांगितलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: "चौकात पोलीस आहे, महापालिकेत इंजिनिअर आहेत, वर कॅमेरेही लावलेत. मग वाहतूक शाखेत आणखी अभियंते पगारावर कशाला घ्यायचे?" पैसे विचारणाऱ्याच्याच खिशातले, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवं.

पुण्यात काय किंवा राज्यातल्या इतर मोठ्या शहरांत काय, चौकातला हवालदार गृह खात्याचा आणि सिग्नलचा खांब, पट्टे, दुभाजक महापालिकेचे. हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हा प्रश्न या दोघांच्या मधल्या फटीत पडतो. वाहतूक शाखेचे निरीक्षक दोनेक वर्षांत बदलून जातात. महापालिकेचे अभियंते बहुतेक स्थापत्यचे. काल ड्रेनेज, आज पथ विभाग, उद्या पाणीपुरवठा. माणसं हुशार असतात, पण हे काम हाताला वळण्याआधीच टेबल बदलतं.

सिग्नलचं एक पूर्ण चक्र किती सेकंदांचं असावं, याचं सूत्र वेबस्टर या ब्रिटिश संशोधकाने १९५८ मध्ये मांडलं. आपल्याकडेही तेच वापरतात. समजा चौकात चार पाळ्या आहेत, म्हणजे चारही रस्त्यांना आळीपाळीने हिरवा मिळतो, आणि प्रत्येक पाळी बदलताना चार सेकंद वाया जातात. एकूण सोळा. त्याची दीडपट अधिक पाच म्हणजे २९. चौकाची पाऊण क्षमता वापरात असेल तर २९ ला उरलेल्या ०.२५ ने भागायचं. उत्तर ११६ सेकंद. वापर ०.९ वर गेला की तेच उत्तर २९० होतं, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटं! अशा वेळी रांग लांबली म्हणून हिरवा वाढवला, तर बाकीच्या तीन रस्त्यांवरची रांग मागच्या चौकापर्यंत जाते. जाणकार माणूस सेकंद वाढवत बसत नाही. तो एखादं उजवं वळण बंद करून ती वाहनं पुढून फिरवता येतील का ते बघतो. पाळ्या तीन झाल्या, वाया जाणारे सेकंद बारा झाले आणि वापर ०.६५ वर आला, तर चक्र ६६ सेकंदांत बसतं. (कुणाचं वळण बंद करायचं यावर नगरसेवक काय म्हणतील, ते कुठल्याच सूत्रात नाही.)

रिक्षांचंही असंच. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावरून सलग हिरवा दिला तर तासाला साधारण ३,६७५ मोटारींइतकी वाहतूक जाते, असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं गणित सांगतं. कोपऱ्यावर रिक्षा उभ्या राहून पाचच मीटर उरले, की ती २,५५० वर येते. म्हणजे रिक्षा स्टँड थोडा मागे नेला तरी बराच रस्ता परत मिळतो. पण तेवढ्यासाठी कुणीतरी टेप घेऊन चौकात उभं राहायला हवं. आपण त्याऐवजी उड्डाणपूल बांधतो. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला तर २०२० मध्ये पाडलासुद्धा.

पायी चालणाऱ्यांचा हिशोब सर्वांत सोपा आणि तोच सर्वांत जास्त चुकलेला दिसतो. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने अठरा मीटरचा रस्ता ओलांडायला पंधरा सेकंद लागतात, त्याआधी पाऊल उचलायचे चार-सहा वेगळे. काठी घेतलेल्या आजींचं गणित अजून निराळं.

"हे सगळं कन्सल्टंट करतात ना?" करतात. मी त्यांच्यातलाच. आम्ही मोजणी करतो, अहवाल देतो, बिल निघतं, आम्ही जातो. सहा महिन्यांत मेट्रोचे पत्रे उभे राहतात, एखादी शाळा सुरू होते आणि आमचे आकडे शिळे होतात. अहवाल उघडून दुरुस्त करणारं आत कुणी नसतं. एका महापालिकेत माझाच जुना अहवाल मला परत मागितला होता, त्यांच्याकडची प्रत सापडत नव्हती म्हणून.

आपोआप वेळ बदलणारे सिग्नल आले, तरी किमान हिरवा किती आणि पाळ्यांचा क्रम कोणता, हे माणसालाच ठरवावं लागतं. खोदाईत सेन्सरची वायर तुटली हेही कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं.

हे खूळ नवं नाही. अमेरिकेत पिट्सबर्गने १९२४ मध्येच बर्टन मार्श यांना शहराचे पूर्णवेळ वाहतूक अभियंता नेमलं होतं. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आलं. रस्त्याच्या रचनेत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जबाबदारी आली, पण त्या विषयाचा माणूस आला नाही.

माणसं मिळतील का? मिळतील. मुंबईची आयआयटी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथून या विषयात एम.टेक. झालेली मुलं बाहेर पडतात. पद स्वतंत्र हवं, ड्रेनेजला बदली न होणारं. पगार महापालिकेने द्यावा आणि खुर्ची पोलिसांच्या नियंत्रण कक्षात असावी, कारण रांग कुठे लागली ते आधी तिथेच कळतं. सुरुवातीला प्रत्येक परिमंडळाला एक असला तरी चालेल. पहिलं वर्ष त्याने नुसती मोजणी केली तरी माझी तक्रार नाही.