36 तासांचं काळीज

एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला कोंबडीच्या भ्रूणाचं प्रॅक्टिकल होतं. हॅचरीतून आणलेली डझनभर फलित अंडी आम्ही रात्री दहाला इन्क्युबेटरमध्ये 38 अंशांवर आडवी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला 36 तास भरले.

अंडं फोडून बलक अलगद भांड्यात सोडला. मधोमध भोक पाडलेला फिल्टर पेपर वरच्या फिकट चकतीवर टेकवला, कडेने पडदा कापला आणि कागदासकट भ्रूण उचलून वॉचग्लासमधल्या सलाईनमध्ये ठेवला. पडदा कागदाला धरून राहतो, म्हणून चुरगळत नाही. हे हाताला जमेपर्यंत माझी दोन अंडी वाया गेली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. होऊ घातलेल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सोमाइट, म्हणजे पुढे मणके आणि स्नायू होणाऱ्या पेशींचे अगदी रेखीव ठोकळे. मोजले, अकरा जोड्या. शेजारच्या मैत्रिणीच्या भ्रूणाला मात्र सातच!

"अंडी तर एकदमच ठेवली होती, मॅडम."

"तास आपण मोजतो गं. कोंबडीच्या पोटातून निघताना कुणी थोडं पुढे असतं, कुणी मागे. त्याचं वय सोमाइटवरून ठरवायचं."

साधारण दीड तासाला एक जोडी, म्हणजे दोघांत सहा तासांचं अंतर. सातवाल्याचं हृदय अजून सुरू व्हायचं होतं. माझ्या भ्रूणाचं सुरू असायला हवं होतं. उजवीकडे फुगलेली हृदयाची नळी स्पष्ट दिसत होती, पण निश्चल. माझ्या पोटात गोळा आला.

मॅडमनी माझ्या बीकरला हात लावला. "अगं, हे गार आहे!"

सलाईन कोमट करायचं मी विसरले होते. गार सलाईन ड्रॉपरने काढून 37 अंशांचं थेंब थेंब घातलं. डोळा आयपीसवरून हलवला नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग नळीच्या खालच्या टोकाशी एक थरथर. थांबली. पुन्हा एक. आणि मग लाट वर सरकत गेली, एकामागून एक, संथ, पण ठाम.

मेंदूकडून येणारा मज्जातंतू अजून तिथवर पोचलेला नसतो, रक्त फिरायलाही काही तास अवकाश असतो. स्नायूपेशी आपली लय आपणच धरतात. परीक्षेत हे वाक्य मी लिहिलं होतं, पण त्या दिवशी ते माझ्यासमोर हलत होतं.

पुढची पायरी फिक्सेटिव्हची होती, म्हणजे भ्रूण मारून आहे तसा टिकवणाऱ्या रसायनाची. बाटली हातात घेतली, पण झाकण उघडवेना. मॅडमनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "दहा मिनिटं बघ अजून. मग घाल."

मी वीस मिनिटं बघत बसले.